पिकअपचे डिझेल वाचवण्यासाठी: ताडपत्री, उतरते टोपण की टपावरचा डिफ्लेक्टर?

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जाणारी आणि परतताना बहुधा रिकामी येणारी पिकअप वाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या आकारांची गाडी असते. म्हणून घरच्या घरी बदल करून डिझेल वाचवायचे असेल, तर तो बदल भरल्या गाडीसाठी हवा की रिकाम्या, हे आधी ठरवावे लागते.

हौद्याचा मागचा फाळका (उघडझाप होणारी झडप) उघडा सोडला की वारा आरपार निघून जातो, ही समजूत अनेक चालकांमध्ये आहे आणि ती चुकीची आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो व टपावरून आलेला वारा त्याच्यावरून सरकत मागे जातो. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो आणि वाऱ्याची ओढ, म्हणजे गाडीला मागे खेचणारा हवेचा विरोध, सहसा वाढतो. मी हौद्याच्या तळाशी लोकरीचे धागे चिकटवून मागच्या गाडीतून पाहिले, तेव्हा ते मागे उडण्याऐवजी केबिनकडे तोंड करून फडफडत होते. रिकाम्या हौद्यातला वाळका पाला केबिनच्या पाठीशी जमतो, त्याचेही कारण हेच आहे.

रिकाम्या फेरीसाठी खरी निवड दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे हौद्यावर फाळक्याच्या उंचीला ताणून बांधलेली ताडपत्री. तिचा लाभ थोडा असतो, पण खर्च नगण्य आणि माल भरताना ती पाच मिनिटांत गुंडाळता येते; मात्र ती ढिली राहून फडफडली, तर मिळालेला लाभही हातचा जातो. दुसरी म्हणजे केबिनच्या टपापासून मागे उतरत जाणारे टोपण, जे लोखंडी चौकटीवर, जाहिरातींच्या फलकांसाठी वापरतात त्या सनपॅक शीटने घरी बनवता येते. ओढ सर्वांत जास्त तेच कमी करते, परंतु त्याचा उतार जपावा लागतो. मोटारीच्या साध्या नमुन्यावर अहमद आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मागचा उतार 12 अंशांच्या आसपास असताना ओढ सर्वांत कमी आणि 30 अंशांपाशी सर्वांत जास्त आढळली होती. अडीच मीटर लांबीच्या हौद्यावर 12 अंशांचा उतार दिल्यास शेवटच्या टोकाला उंची सुमारे 53 सेंटीमीटरच कमी होते. टोपण थेट फाळक्यापर्यंत उतरवण्याच्या मोहात उतार तीव्र केला, तर वारा पृष्ठभाग सोडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. क्रेट केबिनच्या वर रचणाऱ्याला हे टोपण मुळातच अडचणीचे आहे. ज्याची गाडी रोज मोकळीच महामार्गावर धावते, त्याने मात्र ते जरूर करावे.

भरल्या गाडीत, माल टपाच्या वर गेला की त्याची सपाट भिंत वाऱ्याला सरळ आडवी येते, आणि तेथे टपावरचा तिरका, कडा गोलसर असलेला डिफ्लेक्टर (वारा मालाच्या वरून वळवणारा पत्रा) ताडपत्रीपेक्षा निश्चित सरस ठरतो. त्याची वरची कड मालाच्या उंचीशी जुळली पाहिजे, आणि परतीच्या फेरीत तोच वारा अडवतो म्हणून तो बिजागरीवर आडवा पाडता आला पाहिजे. ही बिजागरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण रिकाम्या गाडीवर उभा ठेवलेला डिफ्लेक्टर जाताना कमावलेले येताना घालवतो.

बंपरखाली रबरी पट्टी लावणे चालू शकते, पण गावच्या गतिरोधकांवर ती फार टिकत नाही. रेडिएटरची जाळी झाकण्याचा उपाय माल भरून माळशेजसारखा घाट चढणाऱ्या गाडीला मी सुचवणार नाही.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. वाऱ्याची ओढ दहा टक्क्यांनी घटली, तर महामार्गावर इंधन फार तर पाच टक्के वाचते आणि शहरात जवळजवळ काहीच नाही. उलट ओढ वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने 80 ऐवजी 60 च्या वेगाने गेल्यास ती एक पैसाही न खर्चता सुमारे 44 टक्क्यांनी कमी होते.

मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, त्यामुळे कायमस्वरूपी काही वेल्डिंग करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे, आणि नंबरप्लेट व मागचे दिवे कशानेही झाकू नयेत. परिणाम तपासताना एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, टायरमधील हवा व मालाचे वजन सारखे ठेवावे आणि बदलासह पाच व बदलाविना पाच फेऱ्यांचा हिशेब वहीत मांडावा. एका फेरीतला फरक समोरून आलेल्या वाऱ्याचाही असू शकतो.