ताब्याआधी फ्लॅट तपासायचा, पण कोणाकडून?

भोगवटा प्रमाणपत्र आलंय, उरलेले पैसे भरा आणि ताबा घ्या, असा बिल्डरचा मेल येतो. पुण्यात वाकड असो, खराडी असो की उंड्री, पुढचे दिवस सगळीकडे सारखेच धावपळीचे जातात. बँकेचा शेवटचा हप्ता, इंटिरिअरवाल्याचा तगादा, वास्तुशांतीचा मुहूर्त. या गडबडीत फ्लॅटची तपासणी अर्ध्या तासात उरकली जाते, आणि नेमकं तेच होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. वाटा तीन आहेत: घरच्यांना घेऊन आपणच तपासणं, एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला फी देऊन नेणं, किंवा हल्ली पुण्यात सहज मिळणारी होम इन्स्पेक्शन कंपनी बोलावणं.

फरशीसाठी पैसे खर्चायची गरज नाही. दहाचं नाणं घ्या आणि प्रत्येक फरशी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ठोकून बघा. खाली माल नीट बसला असेल तर आवाज भरीव येतो, नाहीतर पोकळ. एखादा कोपरा पोकळ वाजला तर फार बिघडत नाही. मधोमध पोकळ वाजणारी फरशी मात्र जड कपाट सरकवताना तडकू शकते. तिच्यावर खडूने फुली मारा. कंपनीची माणसंही हेच करतात. दारं घासतात का, खिडक्यांचे ट्रॅक नीट सरकतात का, ओट्यावरचं पाणी सिंककडे वळतं का, हेही आपल्याला कळतं.

वायरिंगचं तसं नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवरही पंखा फिरतो, दिवा लागतो, म्हणून नुसतं बटण दाबून काही समजत नाही. कंपनीचा माणूस प्रत्येक पॉइंटला अर्थिंग आहे का ते दाखवणारा सॉकेट टेस्टर लावतो. सिव्हिल इंजिनिअरचा हा प्रांत नाही. त्याला नेणार असाल तर सोबत ओळखीचा इलेक्ट्रिशियनही न्या.

खरी परीक्षा बाथरूमची. इथे नळ सोडून पाणी वाहतंय एवढं बघून चालत नाही. न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याचं, तोंड घट्ट बंद करायचं, दारात मालाचा छोटा बांध घालायचा, इंच-दोन इंच पाणी भरायचं आणि पातळीची खूण टाइलवर पेन्सिलने करायची. किमान २४ तास ते तसंच ठेवायचं. मग खूण बघायचीच, पण खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन तिथलं छतही बघायचं, पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे तर खास. आणि तुमच्या छतातून जे गळेल ते वरच्या बाथरूममधलं असेल, म्हणून वरच्या फ्लॅटची चाचणी झाली आहे का, हे साइट इंजिनिअरला लेखी विचारा. इमारतीत लोक राहायला यायच्या आत हे सगळं सोपं असतं. नंतर दोन्ही मजल्यांवर परवानगी मागत फिरावं लागतं. चार-पाच तासांत काम संपवणारी कंपनी ही चाचणी एका भेटीत पूर्ण करू शकत नाही. ती फीमध्ये धरली आहे का, आणि दुसऱ्या दिवशी बघायला कोण येणार, हे आधीच विचारून घ्या.

कंपन्यांच्या जाहिरातीत थर्मल कॅमेरा हमखास असतो. तो उपयोगी आहे, पण भिंतीच्या आतलं पाणी त्याला दिसत नाही. पृष्ठभागाच्या तापमानातला फरक तेवढा तो दाखवतो. ओली जागा बहुधा थंड असते, म्हणून संशय येतो आणि मग ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर लावून खात्री करतात. एप्रिल-मे महिन्यात ताबा घेतला तर बाहेरची भिंत कोरडीच असणार, कॅमेरा कितीही भारी असला तरी. पुण्यात पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या भिंती आणि खिडक्यांच्या कडा खरं काय ते जुलै-ऑगस्टमध्येच सांगतात. उन्हाळ्यात ताबा असेल तर पावसाळ्यातल्या दुसऱ्या भेटीचं बोलणं आधीच करून ठेवा.

अनुभवी सिव्हिल इंजिनिअर भेगांच्या बाबतीत उजवा ठरतो. ब्लॉकची भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर प्लास्टरला आलेली केसासारखी रेघ वेगळी आणि बीममधला तडा वेगळा. कंपनीच्या अहवालात दोन्हींचे सुंदर फोटो येतात, पण तपासायला आलेला मुलगा नवखा असेल तर दोन्ही एकाच रांगेत बसतात. इंजिनिअरची उणीव दुसरीकडे असते: ओळखीतला असेल तर तो तोंडी सांगून मोकळा होतो. ते बिल्डरपुढे चालत नाही. लेटरहेडवर सही-तारखेनिशी यादी देणार असेल तरच न्या. काँक्रीटच्या आत काय आहे, हे मात्र या दोघांपैकी कोणीच नुसतं बघून सांगू शकत नाही. ते काम स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं.

कागदाचा इतका आग्रह रेरामुळे, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या स्थावर संपदा कायद्यामुळे. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, नाहीतर भरपाई मागता येते. शिवाय अनेक करारनाम्यांत असं कलम असतं की लेखी संमतीशिवाय बाथरूम-किचनचे पाइप किंवा फिटिंग बदलले तर ही जबाबदारी संपते. म्हणून इंटिरिअरचा पहिला हातोडा पडायच्या आत तारखेसह नोंद हवी. तिथे कंपनीचा खोलीवार, फोटोंसह अहवाल सरस ठरतो. कार्पेट क्षेत्रही, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ती लेझरने मोजून देते. रेराच्या आदर्श (नमुना) करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत धरलेली असते, त्यापलीकडे कमी भरलं तर हिशेब मागा.

खर्चात कंपनी बहुधा महाग पडते, कारण दर चौरस फुटावर असतो आणि इंजिनिअर भेटीचे पैसे घेतो. पण जी कंपनी वॉटरप्रूफिंगचं किंवा इंटिरिअरचं कामही घेते, तिला मी बोलावणार नाही. दोष सापडण्यात तिचाच फायदा असतो.

माझं मत विचाराल तर, पुण्यात राहत असाल आणि आठवड्यातले दोन दिवस काढू शकत असाल, तर फरशी आणि दारं-खिडक्या स्वतः बघा, पाण्याची चाचणी स्वतः उभं राहून करून घ्या आणि भेगांसाठी लेखी देणारा इंजिनिअर व वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन न्या. परदेशात किंवा परगावी असाल, किंवा आई-वडिलांना एकट्याने साइटवर पाठवावं लागणार असेल, तर कंपनीच घ्या, पण दुरुस्तीनंतरची फेरतपासणी फीमध्ये असू द्या. दोन्हींसाठी साइट ऑफिसची परवानगी मेलवर आधीच मागा. बाहेरचा माणूस आत सोडणार नाही म्हणाले, तर कारण लेखी मागा आणि पझेशन लेटरवर सही करताना आपली यादी सोबत जोडून तिची पोच घ्या.