पांढरा की राखाडी? एक पावसाळा बघून सांगते

गोव्यातल्या डिचोलीचं आमचं घर चिऱ्यांचं, कौलारू. खिडक्या लहान, त्यात पुढे पडवीचं छप्पर खाली उतरलेलं. जानेवारीत दोन खोल्या रंगवल्या. आईची उत्तरेकडची राखाडी, माझी पश्चिमेची पांढरी. कंपनी एक, पेंटर एक, पुट्टी-प्रायमरही तेच. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी झाली, भिंतींनी पाऊस बघितला, म्हणून लिहितेय.

शेडकार्डावरचा राखाडी मला फार आवडला होता. पण आईच्या खोलीत दुसरा हात सुकला आणि भिंत निळसर दिसायला लागली. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही, येतो तो फक्त आभाळाचा उजेड, आणि तो मुळातच निळसर. जुलैत तर सकाळी अकरालाही दिवा लावावा लागे. अबोलीच्या फाती (गजरे) करताना आईला दोरा दिसेना, ती पडवीत जाऊन बसायची. पिवळसर एलईडी लावला, रात्री बरं वाटलं, दिवसा काही फरक नाही. भिंत किती उजेड परत फेकते याचा एलआरव्ही नावाचा ० ते १०० असा आकडा असतो. पांढऱ्याचा ८० च्या वर जातो, आमच्यासारख्या मध्यम राखाडीचा ५० च्याही खाली. दुकानात हे विचारायचं मला सुचलं नाही.

पांढऱ्यावर लाल धूळ दिसते, स्विचभोवती बोटं उमटतात. साबणाच्या पाण्याने निघतात. दुपारी तीननंतर मात्र डोळे दिपतात, हे खरं.

पण पांढऱ्याचा मोठा गुण पावसात कळला. बुरशीचे काळे ठिपके दिसले त्याच दिवशी माणूस वर चढवला, फुटलेलं कौल बदललं, उरलेल्या डब्यातला रंग लावला, डाग कुठे होता ते आज सापडत नाही. आईच्या खोलीतली ओल राखाडीत लपून राहिली. चवथीच्या साफसफाईत फडका फिरवला तेव्हा पुट्टीच हातात आली. तिथे नवा डबा मिसळून आणला, तर ठिगळ वेगळंच दिसतंय.

दिवाळीनंतर भिंत पुरती सुकली की आईच्या खोलीला किंचित पिवळसर पांढरा देणार. राखाडी माझ्या खोलीत, पलंगामागच्या एकाच भिंतीला, कारण तिथे ऊन भरपूर आहे. यंदा आधी दोन फुटांचा चौकोन रंगवून सकाळ-संध्याकाळ बघणार, आणि अबोली घेऊन आईलाच तिथे बसवणार.