मलमातील अँटिबायोटिकची ॲलर्जी: तयार पट्टी की हाताने भरलेले चेंबर?

पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून काही दिवसांनी प्रतिक्रिया पाहणे, करायची हे ठरले, की प्रश्न उरतो तो पद्धतीचा: पदार्थ आधीच बसवलेली तयार पट्टी, की मिश्रण हाताने भरायची छोटी तबकडी, म्हणजे चेंबर. गेली काही वर्षे मी दोन्ही वापरत आलो आहे.

तयार पट्टीची सोय मी नाकारणार नाही. तिच्यात निओमायसिनची, म्हणजे मलमांतल्या एका नेहमीच्या अँटिबायोटिकची, मात्रा दर चौरस सेंटिमीटरला 600 मायक्रोग्रॅम अशी कारखान्यातच ठरलेली असते, आणि मदतनीस बदलला म्हणून ती बदलत नाही. चेंबरचे तसे नाही. 8 मिलिमीटरच्या तबकडीत साधारण 20 मिलिग्रॅम मिश्रण हवे असते, आणि हात सैल सुटला की मे महिन्याच्या उकाड्यात पेट्रोलेटम, म्हणजे औषध ज्यात मिसळतात ते व्हॅसलिन, कडेने पसरते. पेट्रोलेटममध्ये 20 टक्के निओमायसिन घेतल्यास हिशेबाने मात्रा पट्टीच्या सुमारे तेरापट भरते. मात्र पट्टीतील जेलचा थर घामाने ओला होऊन औषध सोडतो, तर पेट्रोलेटममधले बरेचसे औषध त्वचेपर्यंत पोचतच नाही; त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

माझा कल बदलला तो पट्टीवरच्या पदार्थांच्या ठरीव यादीमुळे. दुचाकीच्या सायलेन्सरने पोटरी भाजलेला एक तरुण ओल्या, खाजऱ्या इसबासह आला. पट्टीवर काहीही उमटले नाही, आणि दोष मलमाचा नसावा असे मी त्याला जवळजवळ सांगून टाकले होते. घरून आणलेली ट्यूब पाहिली, तर ते भाजल्यावर सर्रास लावतात ते पिवळे मलम, म्हणजे नायट्रोफ्युराझोन; पट्टीच्या यादीत ते नव्हतेच. पेट्रोलेटममधले 1 टक्का नायट्रोफ्युराझोन चेंबरमध्ये भरून लावले, तेव्हा चौथ्या दिवशी पुरळ आणि बारीक फोड स्पष्ट दिसले. आपल्याकडच्या जखमांवर काय लावले जाते, हे त्या यादीला ठाऊक नाही, ही माझी अडचण.

रुग्णाचीच ट्यूब चेंबरमध्ये भरून भागेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मलमात निओमायसिन बहुधा अर्धा टक्काच असते आणि धडधाकट त्वचेतून ते मुळातच कष्टाने आत शिरते. म्हणून ट्यूबवरची निगेटिव्ह टेस्ट मी मोजत नाही.

महिन्याला दोन-तीनच टेस्ट होत असतील आणि चेंबरसाठीच्या मिश्रणाची सिरिंज फ्रिजमध्ये पडून मुदत संपत असेल, तर पट्टी घेणेही गैर नाही. अन्यथा मी चेंबरच सुचवेन. निओमायसिनची प्रतिक्रिया कधीकधी सातव्या दिवशीच उमटते, हे दोन्हींना लागू आहे. म्हणून ती तारीख मी पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून देतो.