कुंडीतल्या चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे: अर्धं काम पक्कं, अर्धं मातीत करावं लागते

घरातल्या मनीप्लांट, स्नेक प्लांटला पाणी टाकलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात ना, फंगस नॅट म्हणतात ते, त्यांनी हैराण असलेल्यांसाठी लिहून राहिली. तालुक्याच्या कृषी केंद्रातून पिवळे चिकट सापळे आणले. दुकानदार म्हणे, "ताई, हे तं कपाशीच्या पांढऱ्या माशीसाठी हायेत, घरात कायले लावता?" पण पिवळा रंग पांढऱ्या माशीला ओढते तसाच या चिलटांनाही ओढते. शीट कैचीने कापून छोट्या पट्ट्या केल्या, काडीला अडकवून मातीच्या अगदी जवळ खोचल्या, कारण हे चिलट उंच उडत नाही, कुंडीभोवतीच घुटमळते. सकाळी पाहते तर पट्टीवर काळे ठिपकेच ठिपके. चिकटपणा एक नंबर, कूलरच्या हवेतही टिकला.

पण सापळ्यात फक्त उडणारी सापडतात. अंडी मातीत, अळ्या मातीत, वरच्या दोनेक इंचात, आणि एक मादी १०० च्या वरही अंडी घालू शकते, मंग नुसत्या पट्ट्या लावून कसं संपणार. अळी बुरशी आणि कुजलेलं खाते, जास्त झाल्या की कोवळ्या मुळ्यापण खातात. खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उलटून बघा, पारदर्शक पांढुरकं अंग आणि टाचणीच्या टोकाएवढं चकचकीत काळं डोकं, वळवळताना साफ दिसतात.

म्हणून सोबत निंबोळी पेंड घ्याच. वरची माती काढून फेकली, नवीन मातीत मूठभर पेंड मिसळली, वर जाड रेतीचा थर दिला, आणि बोट घालून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. हे पाण्याचंच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालते त्या खोलीत माती वाळतच नाही, तिथल्या कुंड्या ओसरीत काढा. कच्चं शेणखत तर घरातल्या कुंडीत टाकूच नका. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे जातात, तेव्हा सापळे महिनाभर तरी राहू द्या.

आणि हो, मातीतल्या अळ्या मारायला बीटी नावाचा जिवाणूही वापरतात, पण दुकानात नुसतं बीटी मागू नका, कपाशीचं बियाणं नाहीतर बोंडअळीची पावडर पुढे येते. ती बीटीची कुर्स्टाकी जात, पतंगाच्या अळीची. चिलटांसाठी इस्रायलेन्सिस लागते, डासांच्या अळ्यांवर वापरतात तीच. आमच्याकडे मिळाली नाही, पेंडीवरच भागलं.

सापळ्यांना चार स्टार. एक कापला तो पालीच्या पिल्लासाठी, बिचारं भिंतीजवळच्या पट्टीला चिकटलं, गोडं तेल लावून हळूहळू सोडवावं लागलं. पट्ट्या भिंतीला टेकवू नका, पानांच्या आत लावा.