पेशी जिवंत ठेवून प्रथिनांची पकड बघायची आहे: बायएफसी, नॅनोबिट, फ्रेट की टर्बोआयडी?

पी५३ (पेशीला कर्करोगापासून वाचवणारं प्रथिन) आणि एमडीएम२ (त्याला आवरणारं प्रथिन) ही जोडी घेऊ. एमडीएम२ पी५३ला धरतं आणि प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या पेशीतल्या यंत्रणेकडे, पाठवून त्याची विल्हेवाट लावतं. काही कर्करोगांत एमडीएम२ नको तितकं वाढलेलं असतं, म्हणून ही पकड सोडवणाऱ्या औषधांचा शोध चालतो. २००४ साली जाहीर झालेलं नटलिन हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. आता ही पकड पेशी जिवंत असतानाच बघायची, तर पद्धत कोणती घ्यावी?

को-आयपी, म्हणजे पेशी फोडून एक प्रथिन अँटिबॉडीने ओढायचं आणि सोबत कोण येतं ते बघायचं, ही पद्धत मी या तुलनेत धरत नाही. पेशी फोडली की एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी प्रथिनंही एकाच द्रवात येतात आणि तिथे नव्याने चिकटू शकतात. यीस्ट टू-हायब्रिड (१९८९), म्हणजे दोन प्रथिनं भेटली की यीस्टमध्ये एक खुणेचं जनुक चालू होण्याची पद्धत, जिवंत पेशीत चालतं खरं, पण ती पेशी यीस्टची असते आणि भेट तिच्या केंद्रकात घडावी लागते. नवे जोडीदार चाळून काढायला ते छान आहे, आपल्या प्रश्नाला नाही.

उरलेल्या चारांतून निवडताना मी पहिला प्रश्न विचारेन: पकड सुटलेली दिसायला हवी का?

हवी असेल, तर बायएफसी तिथेच बाद होते. २००२ साली आलेल्या या पद्धतीत पिवळ्या फ्लुओरेसंट (प्रकाश टाकला की चमकणाऱ्या) प्रथिनाचे दोन तुकडे करून एक पी५३ला आणि एक एमडीएम२ला जोडतात. जोडी जमली की तुकडे जवळ येतात, एकमेकांत बसतात आणि तासाभराच्या आसपास चमक येऊ लागते. मात्र एकदा बसलेले तुकडे व्यवहारात पुन्हा सुटत नाहीत. चमक आल्यावर नटलिन घातलं तरी पेशी चमकतच राहते, आणि औषध चालत नाही असा भलताच निष्कर्ष निघू शकतो. त्यात भर म्हणजे प्रथिनं प्रमाणाबाहेर बनवली की तुकडे जोडीदारांच्या मदतीशिवायही एकत्र येतात. एरवी निसटून जाणाऱ्या क्षणिक भेटी मात्र याच चिकटपणामुळे पकडता येतात. चित्रं देखणी येतात, आणि मला वाटतं बायएफसीवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो तो त्यामुळेच.

नॅनोबिटमध्येही तुकडेच आहेत, पण ल्युसिफरेझचे, म्हणजे स्वतः प्रकाश निर्माण करणाऱ्या एन्झाइमचे. एक सुमारे १८ किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), दुसरा फक्त ११ अमिनो आम्लांचा. २०१६ साली ही जोडी जाहीर झाली तेव्हा तुकड्यांची आपसातली ओढ मुद्दाम कमी ठेवली होती, म्हणजे १९० मायक्रोमोलर (हा आकडा जितका मोठा तितकी ओढ कमी). त्यामुळे नटलिन घातल्यावर प्रकाश कमी होताना दिसतो, तोही ९६ खणांच्या प्लेटमध्ये, एका साध्या ल्युमिनोमीटरवर. बाहेरून प्रकाश टाकावा लागत नसल्याने पेशीच्या स्वतःच्या चमकेचा त्रासही नाही. उणीव अशी की सरावातल्या प्लेट रीडरवर फक्त आकडा मिळतो. भेट पेशीत कुठे झाली ते कळत नाही. शिवाय कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाला, कोणत्या टोकाला जोडायचा याच्या आठ जुळण्या होतात. त्या बनवून बघायचा कंटाळा करू नये.

भेटीची जागा आणि वेळ दोन्ही हवी असतील, तर फ्रेट. एका फ्लुओरेसंट प्रथिनाची ऊर्जा शेजारच्या दुसऱ्याकडे जाते, पण अंतर साधारण १० नॅनोमीटरच्या आत असेल तरच; आणि अंतर वाढलं की ही देवाणघेवाण सहाव्या घाताने घसरते. निळ्या-पिवळ्या जोडीत ५ नॅनोमीटरच्या आसपास निम्मी ऊर्जा पोहोचते, १० नॅनोमीटरवर जेमतेम दीड टक्का. आपल्या जोडीत खरी अडचण इथेच येते. पी५३ची एमडीएम२मध्ये रुतणारी अमिनो आम्लं १९, २३ आणि २६ क्रमांकाची आहेत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या टोकाजवळ. टॅग (जोडलेलं फ्लुओरेसंट प्रथिन) त्या टोकाला लावला तर तोच पकडीच्या आड येण्याची भीती. ३९३व्या अमिनो आम्लापलीकडे, शेपटीला लावला तर पकड पक्की असूनही फ्रेट शून्य येऊ शकतं. म्हणून फ्रेट दिसलं नाही याचा अर्थ भेट झाली नाही असा घेऊ नये. मोजायचंच तर फ्लिमवर, म्हणजे दात्या (ऊर्जा देणाऱ्या) प्रथिनाच्या चमकेचा कालावधी मोजून. नुसती तीव्रता मोजली तर एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या चॅनलमध्ये सांडतो आणि त्याच्या दुरुस्त्या करण्यातच जीव जातो. फ्लिमचं यंत्र महाग आहे. ते आपल्या किंवा शेजारच्या संस्थेत आहे का, हे प्लास्मिड (टॅग लावलेल्या प्रथिनाचं जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) मागवण्याआधी विचारा.

टर्बोआयडीचा प्रश्नच वेगळा: पी५३च्या आसपास कोण कोण असतं? पी५३ला जोडलेलं एन्झाइम शेजाऱ्यांवर बायोटिन या जीवनसत्त्वाचा शिक्का मारतं, मग पेशी फोडून शिक्का असलेली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे तुकड्यांची वजनं मोजून, ओळखतात. जुन्या बायोआयडीला (२०१२) यासाठी १८ ते २४ तास लागायचे, टर्बोआयडीला (२०१८) १० मिनिटं पुरतात. एरवी पी५३चं अर्धायुष्यच २० मिनिटांच्या आसपास असतं, तेव्हा दिवसभराची गोळाबेरीज काय कामाची? पण शेजारी म्हणजे जोडीदार नव्हे. नुसतं टर्बोआयडी त्याच कप्प्यात सोडलेला कंट्रोल नसेल तर यादी वाचूच नका. आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) ७५ आणि १३० किलोडाल्टनच्या आसपास दिसणाऱ्या पट्ट्यांनी हुरळू नका. त्या बहुधा पेशीच्या स्वतःच्या, मुळातच बायोटिन असलेल्या कार्बॉक्सिलेझ एन्झाइमांच्या असतात.

आपल्या जोडीसाठी मी नॅनोबिटपासून सुरुवात करेन, जागा महत्त्वाची ठरली तर फ्लिमकडे जाईन. नवे जोडीदार शोधायचे असतील तरच टर्बोआयडी, तेही मास स्पेक्ट्रोमेट्रीचा खर्च परवडत असेल तर.

साध्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपशिवाय हाताशी काहीच नसेल, तर बायएफसी करायला हरकत नाही. प्लास्मिड कमीत कमी घाला. रिकामा तुकडा हा कंट्रोल पुरेसा नाही. २३व्या जागचं ट्रिप्टोफॅन बदललेला, म्हणजे एमडीएम२ला धरू न शकणारा पी५३ त्याच तुकड्यासह वापरा. नटलिन एका ताटलीत चमक येण्याआधी घाला, दुसरीत नंतर; पहिलीत चमक कमी यायला हवी, दुसरीत टिकायला हवी. प्रत्येक वेळी सोबत वेस्टर्न ब्लॉट हवाच, कारण नटलिनने पी५३ची विल्हेवाट थांबते आणि त्याचं प्रमाणच वाढलेलं असू शकतं.