जुना थिंकपॅड टी४८०: भाव किती, खर्च किती

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या दुकानात शिरले, की काउंटरमागच्या फळीवर रचून ठेवलेल्या काळ्या, चौकोनी, एकसारख्या यंत्रांत लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हमखास आढळतो. २०१८ साली आलेले हे मॉडेल कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घाऊक घेतले, भाडेकराराची मुदत संपल्यावर परत केले आणि तेव्हापासून ते जुन्या मालाच्या बाजारात फिरत आहे. भाव साधारण पंधरा ते वीस हजार रुपयांच्या आसपास सांगितला जातो. मी तो लेखन, मुद्रितशोधन आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी वापरतो. माझ्या मते या कामांसाठी तो अजूनही घेण्याजोगा आहे, मात्र दुकानदाराने सांगितलेल्या भावात बॅटरीचा, मेमरीचा (रॅमचा) आणि प्रसंगी पडद्याचा खर्च मिळवल्याशिवाय तो स्वस्त पडला की महाग, हे ठरवता येत नाही.

आधी बॅटरी, कारण खर्च तिथूनच सुरू होतो. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात: एक २४ वॉट-तासांची आत बसवलेली आणि दुसरी मागच्या बाजूने काढता-घालता येणारी. ही बाहेरची बॅटरी २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची मिळते. आतली बॅटरी शाबूत असेल तर लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची काढून दुसरी बसवता येते. ज्या भागात दुपारभर वीज जाते तिथे ही सोय मोलाची आहे. सर्वांत मोठी बॅटरी तळाशी फुगवट्यासारखी बाहेर येते, त्यामुळे कळफलक मागून थोडा उचलला जातो. टेबलावर ते बरेच वाटते, मांडीवर अजिबात नाही. जुन्या यंत्रातल्या दोन्ही बॅटऱ्या बहुधा थकलेल्या असतात. लेनोवोच्या व्हँटेज या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता वेगवेगळी दिसते, तेव्हा दुकानातच ते दोन्ही आकडे पाहून घ्यावेत. निम्म्याहून खाली आलेली बॅटरी म्हणजे पुढचा खर्च ठरलेलाच, आणि तो भाव करतानाच वजा करून घेतलेला बरा. बाजारात नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून स्वस्तातली बॅटरी घेऊन इथे बचत करू नये.

वेगाबाबत भाबडेपणा नको. यातले इंटेलच्या आठव्या पिढीचे कोअर आय५-८२५०यू किंवा आय५-८३५०यू हे प्रोसेसर चार कोअरचे, म्हणजे चार गणनकेंद्रांचे आहेत. त्याआधीच्या पिढीत या वर्गातल्या आय५ला दोनच कोअर असत, त्यामुळे त्या काळी ही मोठी झेप होती. आज पस्तीस-चाळीस हजारांत मिळणारा नव्या पिढीचा आय३ सुद्धा यापेक्षा चपळ आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक मोठा दस्तऐवज आणि मागे चाललेले गाणे एवढ्या भाराला टी४८० सहज पुरतो. व्हिडिओचे संकलन, नवे गेम किंवा जड डिझाइनचे काम करणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रोसेसरच्या पिढीचा मुद्दा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सुरक्षा-सुधारणांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या जवळजवळ आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. फळीवर शेजारीच ठेवलेला टी४७० दिसायला जवळपास असाच असतो आणि हजार-दोन हजारांनी स्वस्तही मिळतो, पण त्याचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असल्याने तो या यादीबाहेर राहतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चालवणार असाल तर हरकत नाही. एरवी हजार-दोन हजार वाचवण्यात अर्थ नाही.

खरी किंमत वसूल होते ती कळफलकावर. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करतो. त्यात क आणि ख, ग आणि घ, त आणि थ या जोड्या एकाच कळीवर असून दुसऱ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबावी लागते. त्यामुळे मराठी मजकूर लिहिताना इंग्रजीच्या मानाने शिफ्टचा वापर कितीतरी अधिक होतो. टी४८० ची डावी शिफ्ट पूर्ण रुंदीची आहे, कळी खोल जाते आणि दाब बोटाला नीट कळतो. बाणांच्या चारही कळी सुट्या असून त्यांच्या लगतच पान वर-खाली करण्याच्या कळी आहेत, त्यामुळे लांब मुद्रिते तपासताना हात उचलावा लागत नाही. स्वस्त नव्या लॅपटॉपांत वर-खालीचे बाण एकाच कळीत दोन भाग करून कोंबलेले असतात. दिवसभर मुद्रिते वाचणाऱ्याला त्याचा त्रास लगेच जाणवतो. खटकते ती एक गोष्ट म्हणजे डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी असलेली फंक्शनची कळ. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, दोहोंची अदलाबदल करता येते, ती पहिल्याच दिवशी करून टाकावी.

पडदा हे या यंत्राचे लंगडे अंग आहे. काही नग १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्याचे असतात. ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, कारण त्यावर मराठीची जोडाक्षरे आणि रफार लहान आकारात चिकटल्यासारखे दिसतात. १९२० × १०८० चा पडदा वाचनाला ठीक आहे, पण त्याचे रंग फिके आहेत आणि खिडकीजवळ बसले की उजेड अपुरा वाटतो. पडदा बदलता येतो, मात्र तो खर्च धरला की नव्या लॅपटॉपशी असलेले अंतर बरेच कमी होते. कॅमेरा ७२०पी दर्जाचा, जेमतेम कामापुरता.

मेमरीसाठी दोन खाचा आहेत आणि दोन्ही मोकळ्या होतात, म्हणजे मदरबोर्डवर कायमची डकवलेली मेमरी अजिबात नाही. पुढच्या वर्षीच्या टी४९० मध्ये एकच खाच उरली आणि मागची बॅटरीही गेली, म्हणूनच जाणकार टी४८० वर अडून बसतात. तळाचे झाकण सहा स्क्रूंवर बसते. हे स्क्रू सैल झाले तरी झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. उघडण्यापूर्वी बायॉसमधून आतली बॅटरी बंद करायची आणि मग प्लॅस्टिकचे कार्ड कडेने फिरवून खटके सोडवायचे. मात्र २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती भरमसाट वाढल्या आहेत, त्यामुळे ‘आठ जीबीचा घेऊ, मग वाढवू’ हा जुना हिशेब आता जुळत नाही. आधीपासून सोळा जीबी असलेला नग दोन-अडीच हजार जास्त देऊनही घ्यावा.

दुकानात दोन तपासण्या स्वतः कराव्यात. यंत्र सुरू होताना एफ१ दाबून बायॉसमध्ये जावे. तिथे पासवर्ड मागितला, तर जुन्या कंपनीने घातलेले कुलूप निघालेले नाही, आणि ते काढणे सोपे नाही. असा नग तिथेच परत द्यावा. दुसरे, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून विंडोज नव्याने बसवायला सुरुवात करावी. एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिनची पाटी आली, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे असे समजावे. यूएसबी-सी चे दोन्ही पोर्टही चार्जर लावून पाहावेत. थंडरबोल्ट या वेगवान यूएसबी-सी जोडणीच्या जुन्या फर्मवेअरमुळे (तिच्या चिपमधल्या अंगभूत प्रोग्रॅममुळे) त्या काळच्या काही थिंकपॅडांत हे पोर्ट बिघडत असत आणि लेनोवोने त्यावर सुधारित फर्मवेअर दिले होते. ते चढवलेले आहे का, हे दुकानदाराला सहसा ठाऊक नसते, तेव्हा घरी आल्यावर आधी तेच करावे.

माझा हिशेब असा आहे: बॅटरी आणि मेमरी धरून एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आत राहत असेल आणि काम मुख्यतः लिहिण्या-वाचण्याचे असेल, तर टी४८० घ्यावा. आकडा तिशीकडे सरकला, तर थोडी भर घालून कंपनीची वर्षभराची वॉरंटी असलेला नवा लॅपटॉप घेणे शहाणपणाचे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलासाठी हा घ्यावा का, असे मला अनेकदा विचारले जाते. चार वर्षे रोज ओढायचा असेल तर माझे उत्तर नाही असे आहे. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला बसलेल्या वडिलांसाठी मात्र जरूर घ्यावा. वॉरंटी दुकानाचीच असते आणि ती ‘टेस्टिंग वॉरंटी’ या नावाखाली आठवडाभरापासून काही महिन्यांपर्यंत काहीही असू शकते. म्हणून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर मुदत आणि यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, आणि तो नंबर तळाच्या स्टिकरशी व बायॉसमधल्या नोंदीशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.