हॉटेलच्या कार्डाचे ११,८०० रुपये

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी एका मुलीचा फोन आला. आधी गुजरातीत बोलत होती, आडनाव ऐकल्यावर मराठीत ‘ताई, ताई’ सुरू झालं. बडोद्यातल्या अलकापुरीच्या एका मोठ्या हॉटेलचं लॉयल्टी कार्ड, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या निष्ठेचं कार्ड, वर्षाचे १०,००० आणि जीएसटी धरून ११,८००. त्यात एक रात्र फुकट, खोलीच्या भाड्यात २० टक्के सूट, दोघं जेवायला गेलो तर बिल निम्मं. ‘नाही आवडलं तर महिन्यात पैसे परत,’ हे तिने दोनदा सांगितलं.

पुण्याचे भावजी आणि जाऊबाई मुलांना घेऊन नवरात्रात गरबा बघायला येणार होते. दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत एवढ्या माणसांची सोय होत नाही, म्हणून मी हो म्हटलं. लिंक आली, ओटीपी टाकला, पैसे गेले. मला इतकं पटलं होतं की राऊपुऱ्याच्या वन्संनाही मीच सांगितलं. त्यांनी मार्चमध्ये तेच कार्ड घेतलं.

कुरियरने जांभळी फाइल आली, आत सात कुपनं. ऑगस्टमध्ये फुकट रात्रीसाठी फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, ब्लॅकआउट डेट आहे,’ म्हणजे त्या तारखेला कुपन चालत नाही. कुपन उलटून बघितलं. मागे फिकट राखाडी रंगात इतकी बारीक अक्षरं की ह्यांचं भिंग आणावं लागलं. शनिवार नाही, सणवार नाही, लग्नाचे मुहूर्त नाहीत, नवरात्राच्या नऊ रात्री नाहीत. उरलेल्या दिवशीसुद्धा खोली शिल्लक असली तरच. बडोद्यात पाहुणे नवरात्रात नाही येणार तर कधी येणार?

बरं, निदान २० टक्के सूट तरी घेऊ म्हटलं. हॉटेलने भाव सांगितला ६,५००, सूट जाऊन ५,२००, नाश्ता वेगळा. मुलाने बुकिंगचं अ‍ॅप उघडलं. तेच हॉटेल, त्याच तारखा, तीच खोली नाश्त्यासकट ४,७००, आणि बँकेच्या कार्डावर आणखी ४०० कमी. दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येत होती. दोन खोल्या, तीन रात्री, म्हणजे कार्ड दाखवून आम्ही ५,४०० रुपये जास्त भरले असते. कार्डाची सूट हॉटेलच्या त्या दिवशीच्या उघड्या भावावर मिळते, अ‍ॅपवरच्या उतरलेल्या भावावर नाही. सूट किती टक्के हे विचारण्याआधी ती कुठल्या भावावर, हे विचारा. आम्ही अ‍ॅपवरूनच खोल्या घेतल्या.

पैसे परत मागितले तर मेल आली की अटींप्रमाणे रक्कम परत मिळत नाही. फोनवरचं बोलणं माझ्याकडे लिहून कुठे होतं?

खरा धक्का या फेब्रुवारीत बसला. क्रेडिट कार्डाच्या बिलात पुन्हा ११,८००. ओटीपी आला नाही, कुणी विचारलं नाही. पहिल्या वेळी पैसे भरताना खाली एक चौकोन आधीच टिक केलेला होता, त्यातून दरवर्षी पैसे कापायची परवानगी गेली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी कपात १५,००० पर्यंत असेल तर दर वेळी ओटीपी लागत नाही, बँकेने २४ तास आधी फक्त कळवायचं असतं. मेसेज आला होता. रोजच्या दहा मेसेजमध्ये तो वाचायचा राहिला.

सगळ्याच हॉटेलांच्या योजना वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझा भाचा कंपनीच्या कामाला महिन्यातले दहा दिवस बाहेर असतो. मॅरियट बॉनवॉय, हिल्टन ऑनर्स या मोठ्या हॉटेल कंपन्यांच्या योजनांची सभासदी फुकट असते. भाडं कंपनी भरते, पॉइंट त्याच्या खात्यात जमतात. त्याला फायदा आहे. पण ते पॉइंट साधारणपणे थेट हॉटेलकडे बुकिंग केलं तरच मिळतात, अ‍ॅपवरून घेतलेल्या खोलीवर नाहीत, आणि मॅरियटमध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर उडतात. वर्षातून तीन-चार रात्री बाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी थेट भाव आणि अ‍ॅपचा भाव कर धरून शेजारी ठेवावा, कमी असेल तो घ्यावा. झोपायच्या आधीच पैसे मागणाऱ्या कार्डाला मी आता निष्ठा म्हणणार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला वेबसाइट-अ‍ॅपवरच्या फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न) १३ प्रकार ठरवून दिले आहेत, त्यात वर्गणीचा सापळाही आहे. तक्रारीत तेच लिहिलं, टिक केलेल्या चौकोनाचं चित्र पुन्हा लिंक उघडून जोडलं. अठरा दिवसांनी दुसऱ्या वर्षाचे पैसे परत आले. पहिल्या वर्षाचे गेले ते गेलेच.

पैसे आले त्याच संध्याकाळी राऊपुऱ्याला गेले. वन्संच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटो पे’ उघडलं, तर त्यांच्या नावावरही तीच परवानगी, पुढची कपात चार दिवसांनी. वन्सं म्हणाल्या, ‘मला तर काही माहीतच नव्हतं गं.’ तिथेच बसून रद्द केली, रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत उठले नाही.